अर्ध्यावर थांबणारे निदान

अमेरिकेतले डॉक्टर जेम्स मिलर यांनी १९६३ साली दोन भावंडांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. दोघांच्याही मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत होता, एरवी दिसणाऱ्या वळ्या त्यावर नव्हत्या. १९६९ मध्ये डिकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असेच आणखी रुग्ण मांडले आणि पुढे दोघांच्या नावावरून हा आजार मिलर-डिकर सिंड्रोम म्हणून ओळखला जाऊ लागला. आईवडील ठणठणीत आणि एकाच घरात एकाहून अधिक मुले आजारी, हे पाहून त्या काळच्या डॉक्टरांनी जो तर्क केला तो आजही वैद्यकशास्त्राचा कोणताही विद्यार्थी करील. जनुक अप्रभावी असणार, त्याची एकेक बिघडलेली प्रत आईकडून आणि वडिलांकडून आली असणार, म्हणजे प्रत्येक गर्भारपणात धोका चारात एक. १९८३ मध्ये विल्यम डोबिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा मुलांच्या १७ व्या गुणसूत्राच्या आखूड भुजेचे टोक गळालेले दाखवले आणि हा तर्क कोसळला. काही घरांत आईच्या किंवा वडिलांच्या पेशींत त्या टोकाची दुसऱ्या एका गुणसूत्राच्या टोकाशी अदलाबदल झालेली होती. त्यांच्यात काहीच हरवलेले नव्हते, म्हणून ते निरोगी होते. मुलाच्या वाट्याला मात्र या अदलाबदलीची एकच बाजू येत होती. आजाराचे वर्णन बरोबर होते, वारशाचे गणित चुकीचे होते. आणि त्या गणितावरच तर सल्ला अवलंबून असतो. अप्रभावी आजारात निरोगी काका-मावशीला फारशी काळजी करण्याचे कारण नसते. गुणसूत्रांच्या अदलाबदलीत मात्र तोच निरोगी काका वाहक असू शकतो आणि त्याच्या पत्नीचे वारंवार होणारे गर्भपात त्याच कारणाने होत असू शकतात.

हा जुना इतिहास आज उकरून काढण्याचे कारण आहे. मूल वेळेवर बसत नाही, चालत नाही, बोलत नाही आणि कारण सापडत नाही, अशा वेळी आता डॉक्टर मायक्रोअॅरे ही तपासणी सांगतात. २०१० साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन हीच पहिली तपासणी असावी असे मत दिले. सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे पाहण्याच्या जुन्या पद्धतीत अशा मुलांपैकी सुमारे ३ टक्क्यांत कारण सापडते (डाऊन सिंड्रोमसारखी उघड ओळखू येणारी मुले वगळून), तर मायक्रोअॅरेने १५ ते २० टक्क्यांत. या शिफारशीशी वाद घालण्यासारखे काही नाही. पाणी मुरते ते अहवाल आल्यानंतर. मायक्रोअॅरे गुणसूत्राच्या प्रत्येक भागाच्या प्रती मोजते. अमुक तुकडा कमी, तमुक तुकडा जास्त, एवढे ती चोख सांगते. तो तुकडा कुठे बसला आहे हे ती सांगत नाही, कारण तपासणीसाठी डीएनए काढून त्याचे बारीक तुकडे केले जातात आणि जागेची माहिती तिथेच पुसली जाते. सातबाऱ्यावरचे एकूण क्षेत्र जुळले म्हणून बांध जागेवर आहे असे होत नाही, त्यासाठी शिवारात उतरून मोजणीच करावी लागते. ज्या आईच्या पेशींत दोन टोकांची अदलाबदल झाली आहे पण कमीजास्त काही झालेले नाही, तिचा मायक्रोअॅरे अहवाल स्वच्छ येईल. माझे म्हणणे एवढेच की मुलाच्या अहवालात असा दोष सापडल्यावर आईवडिलांची गुणसूत्रे चमकत्या रंगांच्या फिश पद्धतीने काचपट्टीवर पाहिली गेली नाहीत, तर ते निदान पूर्ण झाले असे मानू नये. आणि ही तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा जुनाट म्हणून मोडीत निघू देऊ नयेत.

हे दोष डोळ्यांना का दिसत नाहीत, ते समजून घ्यायला हवे. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात हे योए हिन त्यो आणि अल्बर्ट लेव्हान यांनी स्वीडनमधल्या लुंड येथे १९५६ मध्ये सिद्ध केले. तोवर कित्येक वर्षे पुस्तकांत ४८ छापले जात होते. १९७० च्या सुमारास गुणसूत्रांवर गडद-फिकट पट्टे उमटवण्याच्या पद्धती आल्या आणि प्रत्येक गुणसूत्र स्वतंत्रपणे ओळखता येऊ लागले. या पट्ट्यांच्या जोरावर प्रयोगशाळांनी अर्धशतक काम केले आहे, पण त्यांची मर्यादा ठरलेली आहे. नेहमीच्या तयारीत ५० लाख ते १ कोटी बेस-जोड्यांपेक्षा लहान बदल निसटतो. आकडा मोठा वाटेल, पण आपले अख्खे २१ वे गुणसूत्रच साधारण पावणेपाच कोटी जोड्यांचे आहे. त्यात आणखी एक खोच म्हणजे बहुतेक गुणसूत्रांची टोके पट्टे उमटवल्यावर फिकटच दिसतात. एका गुणसूत्राचे फिकट टोक दुसऱ्याच्या तितक्याच फिकट टोकाशी बदलले गेले, तर अनुभवी तंत्रज्ञालाही चित्रात वेगळे काही आढळत नाही. दुर्दैव असे की नेमक्या याच टोकांजवळ जनुकांची दाटी आहे. दिसायला नगण्य असलेली अदलाबदल म्हणून परिणामाने मोठी ठरते.

फिश पद्धत या अडचणीला वळसा घालते. ज्या जागेचा शोध घ्यायचा तिच्या क्रमाशी तंतोतंत जुळणारा डीएनएचा तुकडा आधी प्रयोगशाळेत बनवतात आणि त्याला चमकणारा रंग जोडतात. यालाच प्रोब म्हणतात. रुग्णाची गुणसूत्रे काचपट्टीवर पसरून तापवली की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. त्यावर प्रोब सोडून काचपट्टी ३७ अंशांवर रात्रभर ठेवली की तो आपली जागा शोधून तिथे चिकटतो. सकाळी जादा रंग धुऊन टाकून फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की निळ्या गुणसूत्रांवर लाल-हिरवे ठिपके दिसतात. चार क्रमांकाच्या टोकाचा लाल ठिपका आठ क्रमांकाच्या अंगावर दिसला, की तिथे वाद संपतो. याची सुरुवात जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी येल विद्यापीठात १९६९ मध्ये केली, पण त्या वेळी रंगाऐवजी किरणोत्सारी खूण वापरली जाई आणि ती फिल्मवर उमटायला बराच काळ थांबावे लागे. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन, येल आणि कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर इथल्या गटांनी किरणोत्साराच्या जागी चमकते रंग आणले. पुढे १९९६ मध्ये पाच रंगांच्या वेगवेगळ्या मिश्रणांतून २४ ही प्रकारची गुणसूत्रे एकाच वेळी वेगवेगळ्या रंगांत रंगवण्यापर्यंत मजल गेली. ती चित्रे देखणी असतात आणि मासिकांच्या मुखपृष्ठावर छापली जातात, पण टोकाजवळच्या अगदी लहान तुकड्यासाठी ती फारशी कामाची नाहीत. तिथे साधे दोन रंगांचे ठिपकेच उपयोगी पडतात.

टोकांचा प्रश्न पद्धतशीर हाताळला तो ऑक्सफर्डमधल्या संशोधकांनी. ज्यांवर महत्त्वाची जनुके नाहीत अशा पाच गुणसूत्रांच्या आखूड भुजा सोडल्या आणि एक्स-वायची सामायिक टोके एकत्र धरली, तर तपासण्यासारखी ४१ टोके उरतात. एका काचपट्टीवर २४ चौकोन आखून, दर चौकोनात एका गुणसूत्राचे प्रोब ठेवून, एका रुग्णाची सगळी टोके एका बैठकीत पाहण्याची सोय त्यांनी केली. सॅमंथा नाइट, जोनाथन फ्लिंट आणि सहकाऱ्यांचा १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला अभ्यास यातूनच झाला. ज्यांच्या बौद्धिक अक्षमतेचे कारण सापडले नव्हते अशा ४६६ मुलांची टोके त्यांनी तपासली. मध्यम ते तीव्र अक्षमता असलेल्यांपैकी ७.४ टक्के मुलांत असे दडलेले बदल सापडले, सौम्य अक्षमतेत फक्त ०.५ टक्के. या आकड्यांचा बराच गाजावाजा झाला आणि तो थोडा जास्तच झाला असे म्हणावे लागेल, कारण ती मुले काळजीपूर्वक निवडलेली होती. नंतर अमेरिकेत ११ हजारांहून अधिक रुग्णांचे निकाल एकत्र पाहिले गेले तेव्हा प्रमाण अडीच-तीन टक्क्यांवर उतरले. माझ्या मते त्या अभ्यासातला खरा महत्त्वाचा निष्कर्ष दुसराच होता आणि तो मागे पडला. ज्या मुलांत बदल सापडला, त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांत तो घरातून आलेला होता. म्हणजे जवळपास निम्म्या कुटुंबांत प्रश्न त्या एका मुलापुरता नव्हताच, तो पुढच्या बाळाचा होता, मावशीचा होता, अजून लग्न व्हायच्या असलेल्या धाकट्या काकाचा होता.

असा बदल एखाद्या घरात आहे म्हणजे नेमके काय, हेही पाहू. दोन गुणसूत्रांत संतुलित अदलाबदल असलेली माणसे विरळ नाहीत, दर ५०० माणसांमागे साधारण एक असते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत हे प्रमाण ३ ते ५ टक्क्यांपर्यंत जाते. अशा माणसाचे बीज तयार होताना बदललेली आणि न बदललेली गुणसूत्रे वेगवेगळ्या जोड्यांनी वाटली जातात. काही अपत्ये पूर्ण निरोगी निपजतात, काही आईवडिलांसारखी वाहक पण निरोगी, आणि काहींना एक टोक कमी, दुसरे जास्त असा वाटा मिळतो. यांतले कित्येक गर्भ टिकत नाहीत. टोके लहान असली तर मात्र ते टिकतात आणि मूल जन्माला येते. बदल जितका सूक्ष्म, तितकी बाधित मूल जन्माला येण्याची शक्यता अधिक, असा हा उफराटा न्याय आहे. आधी बाधित मूल झालेल्या घरात पुढचा धोका बदलाच्या जागेनुसार साधारण ५ ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतो. चार आणि आठ क्रमांकांच्या आखूड भुजांची टोके एकमेकांशी बदलण्याचा प्रकार तर एकमेकांशी नाते नसलेल्या कितीतरी कुटुंबांत स्वतंत्रपणे सापडला आहे, कारण त्या दोन्ही जागी वास ओळखणाऱ्या जनुकांचे जवळजवळ सारखे पुंजके आहेत आणि बीज तयार होताना ते एकमेकांना फसतात. यातून चार क्रमांकाचे टोक गमावलेले मूल जन्मते तेव्हा त्याला वुल्फ-हिर्शहॉर्न सिंड्रोम म्हणतात. मायक्रोअॅरेच्या अहवालात चारचे टोक कमी आणि आठचे जास्त असे दोन्ही दिसले, तर जाणता डॉक्टर लगेच अदलाबदलीचा संशय घेईल. पण फक्त एक कमी दिसले तर?

अशा वेळी आईवडिलांचेही मायक्रोअॅरे केले जाते आणि दोघांचे स्वच्छ आले की अहवालात लिहिले जाते की दोष मुलात नव्याने उद्भवला आहे, पुढच्या बाळाला धोका एक टक्क्याहून कमी. बहुतेक वेळा हे खरेच असते. पण एका गुणसूत्राच्या मधला तुकडा निघून दुसऱ्यात जाऊन बसलेला असू शकतो. आई किंवा वडील यांच्यात तो तुकडा पूर्ण असतो, फक्त भलत्या जागी, म्हणून मोजणी बरोबर जुळते. युरोपातल्या अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या २०१२ च्या एका अभ्यासात, नव्याने उद्भवले असे समजल्या गेलेल्या अशा मधल्या बदलांपैकी सुमारे दोन टक्क्यांच्या मागे आईवडिलांतले हे छुपे स्थलांतर निघाले. दोन टक्के कमी वाटतात. पण त्या दोन टक्क्यांतल्या जोडप्याला ‘एक टक्क्याहून कमी’ असे सांगितले जाते आणि त्यांचा खरा धोका पन्नास टक्क्यांपर्यंत असू शकतो. चूक इतकी मोठी असेल आणि ती पकडायला एक काचपट्टी व दोन प्रोब पुरत असतील, तर न पकडण्याला सबब काय?

पहिला आक्षेप तंत्रज्ञांकडूनच येतो आणि तो योग्य आहे. फिश फक्त जिथे बघाल तिथलेच दाखवते. २२ व्या गुणसूत्राचा प्रोब लावला तर ७ व्यावरचा दोष दिसणार नाही. शिवाय प्रोबही फसवतात. दोन क्रमांकाच्या लांब भुजेच्या टोकासाठी सुरुवातीला वापरला गेलेला एक प्रोब काही निरोगी माणसांतही चिकटत नसे, आणि तो निरुपद्रवी फरक आहे हे कळेपर्यंत काही घरांत विनाकारण धास्ती पसरली असेल. म्हणूनच कारण माहीत नसलेल्या मुलाची पहिली तपासणी म्हणून फिश सुचवणे आज चूक ठरेल, आणि ते मी सुचवतही नाही. पण मायक्रोअॅरेचा अहवाल हातात आला की कुठे बघायचे हे ठरलेलेच असते. या पद्धतीचा दोष तिथेच निकालात निघतो.

दुसरा आक्षेप भविष्याचा आहे. संपूर्ण जनुकसंच वाचणे दरवर्षी स्वस्त होत आहे, लांबलचक डीएनए रेणूंवरच्या खुणांची छायाचित्रे घेऊन त्यांचा नकाशा काढणारी यंत्रे आली आहेत, मग जुन्या सूक्ष्मदर्शकात कशाला अडकायचे? ही यंत्रे संतुलित अदलाबदल पकडू शकतात, यात शंका नाही, आणि काही वर्षांनी ती फिशचे बरेच काम स्वतःकडे घेतील. पण सध्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत दीडशेच्या आसपास अक्षरांचे तुकडे वाचून ते संगणकावर जुळवले जातात, आणि पुन्हापुन्हा तेच शब्द येणाऱ्या भागात ही जुळणी डगमगते. गुणसूत्रांची टोके आणि मध्य नेमके असेच भाग आहेत. मानवी जनुकसंच पूर्ण झाल्याची घोषणा २००३ मध्ये झाली, पण टोकापासून टोकापर्यंत खरोखर सलग वाचून झाला तो २०२२ मध्ये, यावरून त्या भागांची अवघड जात कळावी. डाऊन सिंड्रोमच्या तीन-चार टक्के मुलांत २१ वे गुणसूत्र १४ व्यासारख्या दुसऱ्या एखाद्याला जोडलेले असते. ती जोडणी अशाच पुनरुक्तीच्या प्रदेशात होते आणि नवीन नकाशा-यंत्रांनाही ती खात्रीने दिसत नाही. साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसते. आई १४-२१ ची वाहक असेल तर पुढच्या बाळाला धोका १० ते १५ टक्के, वडील असतील तर एक टक्क्याच्या आसपास, आणि २१ व्याच गुणसूत्राच्या दोन प्रती एकमेकींना जोडलेल्या असतील तर जन्मणारे जवळजवळ प्रत्येक मूल बाधित. एवढा फरक ज्या चाचणीवर अवलंबून आहे, ती आज जुनी म्हणून टाकून द्यावी आणि नवीन यंत्र येईपर्यंत जोडप्यांनी थांबावे, हा हिशेब मला पटत नाही.

आता एका अशा गोष्टीकडे येतो जिची चर्चा जवळजवळ होतच नाही, आणि माझ्या मते सगळ्याचे मूळ तिथेच आहे. मायक्रोअॅरे किंवा जनुकवाचनाला फक्त डीएनए लागतो. रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत घ्या, कुरिअरने हजार किलोमीटरवर पाठवा, पेशी वाटेत मेल्या तरी डीएनए शाबूत राहतो. गुणसूत्रे काचपट्टीवर पाहायची तर जिवंत, विभागणाऱ्या पेशी लागतात. रक्त हेपॅरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत घ्यावे लागते, गोठवता येत नाही, उन्हात तापलेल्या गाडीत ठेवता येत नाही, आणि एक-दोन दिवसांत प्रयोगशाळेत पोहोचवावे लागते. तिथे पांढऱ्या पेशींना विभागायला प्रवृत्त करून त्या साधारण ७२ तास वाढवतात, मग ऐन विभागणीत थांबवतात, फुगवतात, मिथेनॉल व अॅसिटिक आम्लात घट्ट करतात आणि थेंबाथेंबाने काचपट्टीवर सोडतात. या कामाला हात बसावा लागतो आणि हात बसायला वर्षे लागतात. डीएनएची तपासणी एका मोठ्या शहरातल्या एका मोठ्या यंत्रावर देशभरातून गोळा करता येते, म्हणून ती व्यवसायाला सोयीची आहे. जिवंत पेशींची तपासणी रुग्णाच्या जवळच व्हावी लागते आणि तिचा नफा थोडा. बाजारावर सोडले तर कोणती वाढेल आणि कोणती आटेल, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको. मेच्या उन्हात गडचिरोलीहून निघालेली हिरव्या झाकणाची नळी मुंबईला काय अवस्थेत पोहोचेल, याचा विचार करून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळा कुठे असाव्यात हे ठरायला हवे.

यावर लगेच विचारले जाईल की ज्या राज्यात कुपोषण आहे, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल आहे, तिथे ही चैन कशासाठी? प्रश्न रास्त आहे, आणि केवळ दुर्मीळ सिंड्रोमसाठी अशी प्रयोगशाळा मागितली तर तिचे समर्थन करणे जड जाईल. पण तोच सूक्ष्मदर्शक आणि तोच तंत्रज्ञ रक्ताच्या कर्करोगासाठी रोज लागतो. मुलांच्या ल्युकेमियाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात १२ आणि २१ क्रमांकांच्या गुणसूत्रांची एक अदलाबदल सापडते. बदलणारे दोन्ही तुकडे आकाराने आणि पट्ट्यांच्या रंगाने इतके सारखे की नेहमीच्या तपासणीत ती जवळजवळ कधीच ओळखू येत नसे. १९९४-९५ च्या सुमारास चमकत्या रंगांनी ती उघडकीस आणली आणि पाश्चात्त्य देशांत अशा मुलांपैकी सुमारे पाव भागात ती असल्याचे दिसले. ही अदलाबदल असलेल्या मुलांना औषधे चांगली लागू पडतात, म्हणून उपचार किती तीव्र ठेवायचे हे ठरवताना तिचा उपयोग होतो. १५ आणि १७ क्रमांकांच्या अदलाबदलीमुळे होणाऱ्या ल्युकेमियात तर रुग्ण पहिल्या काही दिवसांत रक्तस्रावाने दगावू शकतो, आणि योग्य औषध वेळेत मिळाले तर बहुसंख्य बरे होतात. इथे फिशसाठी पेशी वाढवाव्या लागत नाहीत, विश्रांतीतल्या पेशींच्या केंद्रकातच ठिपके मोजता येतात आणि उत्तर एका दिवसात मिळू शकते. कर्करोग विभाग आणि बालरोग विभाग यांनी एकच प्रयोगशाळा वाटून घेतली, तर चैनीचा आरोप टिकत नाही.

सामाजिक आक्षेप मला याहून गंभीर वाटतो. दोष घरातून आला आहे असे कळले की तो कोणाकडून आला हे विचारले जाणार, आणि आपल्याकडे त्याचे बोट सहसा सुनेकडे वळते. वाहक असल्याची कुणकुण लागली तर धाकट्या बहिणीचे लग्न मोडू शकते. हे सगळे खरे आहे. पण तपासणी न केल्याने दोषारोप थांबत नाहीत, ते फक्त पुराव्याविना चालू राहतात. संतुलित अदलाबदल पुरुषातही तितकीच असते, आणि कित्येक घरांत काचपट्टीचा निकाल सासूच्या माहेरापर्यंत जाऊन पोहोचेल. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. इरावती कर्वे यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला होता. अशा घरात दोन मुले बाधित निघाली की डॉक्टरही नात्यातल्या लग्नाकडे बोट दाखवून मोकळे होतात. अनेकदा ते बरोबर असते, पण काही वेळा मिलर-डिकरच्या बाबतीत झाली तीच चूक इथे होत असणार, आणि तिचा धडा ‘नात्यात लग्न केले म्हणून’ असा आयुष्यभर ऐकवला जात असणार. गुप्ततेचा बंदोबस्त मात्र हवाच. वाहकाचा अहवाल त्या व्यक्तीच्याच हाती द्यावा, तो नातेवाइकांना सांगायचा की नाही हे तिने समुपदेशकाच्या मदतीने ठरवावे, आणि लहान निरोगी भावंडांची तपासणी ती सज्ञान होईपर्यंत करू नये. उपचारच नाही तर कळून उपयोग काय, असेही म्हटले जाते. बाधित मुलासाठी उपयोग मर्यादित आहे, हे मान्य. पुढच्या गर्भारपणासाठी मात्र आधी कळणे आणि नंतर कळणे यांत महिन्यांचा फरक पडतो. दोष कुठे आहे हे आधीच ठाऊक असेल तर ११ ते १३ आठवड्यांत गर्भाच्या वारेचा अंश घेऊन नेमकी तीच दोन ठिकाणे तपासता येतात. ठाऊक नसेल तर जोडपे आईच्या रक्तावरून होणाऱ्या हल्लीच्या लोकप्रिय चाचणीवर विसंबते, तिचा अहवाल ‘धोका कमी’ असा येतो, आणि ती मुख्यतः २१, १८, १३ या गुणसूत्रांची संख्या पाहण्यासाठी बनवलेली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. गर्भलिंग निदानाच्या गैरवापराची भीती इथे कोणी काढेल, आणि ज्या राज्याने १९८८ मध्ये देशात सर्वप्रथम याविरुद्ध कायदा केला तिथे ती काढलीच पाहिजे. पण आईवडिलांच्या रक्तातली अदलाबदल पाहताना गर्भ समोर नसतोच, आणि गर्भाच्या तपासणीतही चार आणि आठ क्रमांकांच्या प्रोबना लिंग कळत नाही. नोंदणी आणि तपासणीचे नियम आहेत तसे कडक राहू द्यावेत.

यासाठी नवी योजना आखण्याची गरज नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघरहूनच सुरू झाला. विकासात मागे पडलेली मुले शोधून जिल्हा पातळीवरच्या केंद्रांत पाठवणे हे त्याच्या कामातच आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या ‘उम्मीद’ उपक्रमातही सरकारी रुग्णालयांत अनुवांशिक निदानाची केंद्रे उभी करण्याचा भाग आहे. या साखळीला दोन गोष्टी जोडाव्यात. मुलाच्या मायक्रोअॅरे अहवालात तुकडा कमी-जास्त असल्याचे नमूद झाले, की त्याच अहवालात आईवडिलांची फिश तपासणी झाली आहे, करायची आहे, की या दोषात गरज नाही आणि का नाही, यांपैकी एक ओळ लिहिणे सक्तीचे करावे. ती रिकामी ठेवता येऊ नये. सरकारी असो वा खासगी, ‘नव्याने उद्भवलेला दोष’ हे शब्द आईवडिलांची गुणसूत्रे काचपट्टीवर पाहिल्याशिवाय कोणत्याही प्रयोगशाळेने वापरू नयेत. दुसरी गोष्ट नळीची. विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि कोकण यांना प्रत्येकी एक दिवसाच्या प्रवासात गाठता येईल अशी किमान एकेक प्रयोगशाळा, ठरलेल्या वारी रक्त गोळा करणारी गाडी, आणि जिल्हा केंद्रातल्या परिचारिकेला हिरव्या झाकणाची नळी कोणासाठी आणि जांभळ्याची कोणासाठी हे शिकवणारे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण. सोमवारी घेतलेले रक्त मंगळवारी प्रयोगशाळेत पोहोचले, तर शुक्रवारी काचपट्टी तयार होते आणि पुढच्या आठवड्यात त्या जोडप्याला समोर बसवून आकडा सांगता येतो.